कान तेवढा राहिला

त्याला कॉलेजात सगळे खोडरबर म्हणत. हे नाव पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात पडलं आणि मग काही केल्या पुसलं गेलं नाही. यातली गंमत त्याला सोडून सगळ्यांना कळत होती.

शाळेत मात्र तो चित्रकलेतला हिरा होता. शाळेतला हिरा म्हणजे काय, तर फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, कागदावर तशाच मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेका चौकटीतला फोटो जपून उचलून कागदावर नेऊन ठेवायचा. या पद्धतीने त्याने मुख्याध्यापकांचं चित्र काढलं, मग मुख्याध्यापकांच्या वडिलांचं काढलं. नाक नाकाच्या जागी, मिशी मिशीच्या जागी. बघणारे म्हणायचे, अगदी फोटो आहे हो! चित्रकलेला यापलीकडे काही गाठायचं असतं, असं त्याच्या घरात कुणाला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही वाटत नव्हतं. चित्रकला आणि डिझाइनच्या कॉलेजात तो गेला तो आपल्याला सगळं येतं, आता फक्त कागद मिळाला की झालं, अशा थाटात.

तिथे पहिल्याच दिवशी रेखाटनाच्या सरांनी त्याची चौकटी आखायची पट्टी काढून घेतली.

"फोटो हवा असेल तर कॅमेरा घ्या, लवकर होतं," सर म्हणाले. "इथे बघायला शिकायचं."

सर बारीक, उंच, बारा महिने एकच राखाडी स्वेटर घालणारे. ते कधी चिडत नसत, त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटे. त्यांनी वर्गाच्या मधोमध एक मोडकी खुर्ची ठेवली आणि सांगितलं, खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या पायांमधली रिकामी जागा काढायची. खोडरबरने आठवडाभर रिकामी जागा काढली आणि कौतुकाने घरी नेऊन दाखवली. त्याचे वडील बसच्या डेपोत गाड्यांचं वेळापत्रक लावायचे. त्यांनी कागद सरळ धरून बघितला, मग उलटा धरून बघितला.

"खुर्ची काढायला पाठवला," ते आईला म्हणाले, "आणि हा भोकं काढून आला."

पण खोडरबर शिकत होता. म्हणजे त्याचा डोळा शिकत होता. राखाडीच्या किती छटा असतात ते कळलं. दोन अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त झालं की पोटात दुखायला लागलं. घरातला पडदा आणि घरातली भिंत एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्याने जेवताना जाहीर केलं. मावशीने नवा रंग दिला म्हणून सगळे बघायला गेले, तर हा दारातच उभा राहून म्हणाला, "मावशी, हे दोन रंग भांडतायत."

"माझ्या घरात रंगच भांडतात बाबा," मावशी म्हणाली, "माणसं नाही भांडत. तू आत ये."

आता डोळ्याचं आणि हाताचं असं असतं, की डोळा भराभर पुढे जातो आणि हात मागून लंगडत येतो. या दोघांमधल्या अंतरातच बहुतेक विद्यार्थी कॉलेजची सगळी वर्षं काढतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बाकीची मुलं वाईट चित्र पूर्ण करायची, सरांसमोर टाकायची आणि चहा प्यायला जायची. खोडरबरला ते जमेना. रेष ओढली की ती चुकल्याचं त्याला दिसायचं; दिसलं की तो ती पुसायचा; पुसून पुन्हा काढली की आणखी बारीक चूक दिसायची. वर्ग सुटायच्या वेळी सगळ्यांच्या कागदावर काहीतरी असे, आणि याच्या कागदाला भोक असे. शेवटच्या वर्षाला तो एकदा बसला आणि नापास झाला. त्याची कामं वाईट होती म्हणून नव्हे. परीक्षकांपुढे ठेवायला पूर्ण झालेलं एकही काम नव्हतं.

वडिलांनी फार आरडाओरडा केला नाही. वेळापत्रक लावणारा माणूस गाडी एकदा चुकली तर दुसरीची वेळ सांगतो. "यंदा पास झालास तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर काकाचं फरशीचं दुकान आहे. एकदा बसवलेली फरशी पुसता येत नाही. तुझ्या तब्येतीला तेच मानवेल."

काकाच्या दुकानाचं नुसतं नाव खोडरबरला पुरेसं होतं. त्या फरश्यांवरची फुलं त्याने बघितली होती.

शेवटच्या वर्षाचं मुख्य काम ठरलेलं असे: माणसाएवढ्या जाड कागदावर, कोळशाने, एका जिवंत माणसाचं चित्र. फोटो वापरायचा नाही. माणूस समोर बसला पाहिजे. वर्गातल्या मुलामुलींनी आपापली माणसं गाठली. मागच्या बाकावरच्या मुलीने आपल्या आजोबांना धरलं, कारण ते दिवसभर झोपतात आणि झोपलेला माणूस तक्रार करत नाही. खोडरबरने वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "मी बसतो, पण मला किती वाजता उठायचं ते आधी सांग." तो नाद त्याने सोडला.

"मी बसू का?" आईने विचारलं.

हे तिने भांडी पुसता पुसता, पाठमोरं विचारलं, म्हणून त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. आई वीज कंपनीच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. काचेला खाली एक फट, फटीतून लोक बिलं आत सरकवत आणि फटीकडे बघूनच ओरडत. सगळी नोकरी तिची त्या काचेमागे गेली, आणि इतक्या वर्षांत कुणी वर मान करून तिच्या तोंडाकडे नीट बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. घरातल्या फोटोंतही ती कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी असायची. लग्नाच्या मोठ्या फोटोत नेमके तिचे डोळे मिटलेले.

"तू बसशील?" तो म्हणाला. "बराच वेळ लागतो. हलायचं नाही."

"मला हलायला वेळ कुठे मिळतो? खिडकीवर बसूनच असते की," ती म्हणाली आणि हसली. मग जरा थांबून म्हणाली, "चित्र झालं की मला देशील ना? मला घरात ठेवायचंय. एकदा तरी माझा म्हणून चेहरा असू दे कुठे."

"तुलाच देईन, तुझंच आहे ते," खोडरबर म्हणाला.

रविवारी सकाळी खिडकीशी खुर्ची ठेवली. उजेड डावीकडून येत होता, जसा यायला हवा तसा. आईने ठेवणीतले कपडे घातले होते, केस विंचरून घट्ट बांधले होते, आणि चेहऱ्याला काहीतरी लावलं होतं, ज्याचा वास खोलीभर पसरला. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं बसतात तशी ती ताठ बसली.

"नीट बसलेय ना?"

"हं. हलू नकोस."

पहिल्या दिवशी त्याचा हात लागला, आणि लागला तो थेट कानाला. हे कसं झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. कानाची ती वळणं, आतली सावली, पाळीची जराशी दुमड, सगळं एका दमात उतरलं. त्याने मागे सरकून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. कानात पुसण्यासारखं काही सापडेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं घडत होतं. तो इतका खूश झाला की चित्राचं बाकी काही नसतानाच त्याने कोळसा पक्का करायचा फवारा आणला आणि कानावर मारला. हा फवारा चित्र संपल्यावर मारायचा असतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असतं. तो मारला की कोळसा कागदाला कायमचा धरून बसतो, मग बोटाने पुसत नाही, रबराने जात नाही. पण ज्याला जन्मात एक गोष्ट साधली, तो तिला कुलूप लावणारच.

नंतरच्या रविवारी नाक झालं, पुसलं, झालं. डोळे झाले, पुसले, बरे झाले. मग तो ओठांशी आला आणि अडला.

ओठ सापडेचनात. तो समोर बघायचा, काढायचा, आणि कागदावर आईऐवजी कुणीतरी कडक बाई उमटायची, परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून येतात तशी. तो जिभेने "च्च" करायचा आणि फडक्याने पुसायचा. त्या "च्च"ला आई पाठ आणखी ताठ करायची. पाठ ताठ केली की ओठ आणखी आवळायचे. हा आवळलेले ओठ बघून तसेच काढायचा, आणि पुन्हा "च्च."

"नीट बसलेय ना रे?"

"हं हं. बोलू नकोस, ओठ काढतोय."

कोळसा कितीही पुसला तरी पूर्ण जात नाही, मागे धूर सोडतो. कागदावर त्या जागी राखाडी धूर जमत गेला. मधल्या एका दिवशी तो आत आला तर आई आरशासमोर खुर्ची घेऊन बसली होती. हनुवटी वर करून बघत होती, खाली करून बघत होती. तिला नटायचा नाद लागला असं त्याला वाटलं. "आई, हनुवटी मध्येच बदलू नकोस हं, माझी सगळी मापं चुकतील," तो म्हणाला आणि पाणी पिऊन निघून गेला. आईने खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

चित्र कुणालाही बघायची बंदी होती. पूर्ण होईपर्यंत त्यावर चादर टाकलेली असे. आईने एकदाही चादर उचलली नाही, पण कचेरीत सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि मावशीला तर रोज फोनवर बातमी जात होती. "डोळे झाले म्हणतो. आता ओठ राहिलेत. ओठ फार अवघड असतात म्हणे."

"तुझे का अवघड असतील? सरळ तर आहेत," मावशी म्हणायची.

शेवटचा रविवार आला. सोमवारी सकाळी काम भिंतीवर लागायचं होतं. खोडरबरने ओठ काढले, पुसले. काढले, पुसले. मग त्याला वाटू लागलं की चूक ओठांत नाहीच, ओठ आणि नाक यांच्यात आहे. म्हणून नाक पुसलं. नाक गेल्यावर डोळे कुणा भलत्याच बाईचे दिसू लागले, म्हणून तेही पुसले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, याने तर अंगणच खणून काढलं. दुपारी आई उठून चहा टाकायला आत गेली, तेव्हा त्याने मोठं फडकं घेतलं आणि रागाच्या भरात अख्खा चेहरा, मान, खांदे एकजात पुसून टाकले. आता कोरा कागद, आता पहिल्यापासून, असं तो मनाशी म्हणाला. पण कान गेला नाही. फडक्याने गेला नाही, रबराने गेला नाही, ओल्या बोळ्यानेही गेला नाही. माणसाएवढ्या राखाडी धुक्यात एक कान, नीटनेटका, जिथल्या तिथे.

दुसरा एवढा मोठा कागद घरात नव्हता, आणि रविवारी कागदाचं दुकान बंद.

"झालं का रे?" आईने आतून विचारलं.

"होत आलं," तो म्हणाला आणि चादर टाकली.

रात्रभर त्याने सरांशी काय बोलायचं ते पाठ केलं. सर, माझं काम बिघडलंय, मला आठ दिवसांची मुदत द्या. वाक्य सोपं होतं. पण त्या कॉलेजात एक जुना नियम होता, आणि तो त्याच्या लक्षातच आला नाही. ज्याचं काम भिंतीवर, त्याचं तोंड बंद. काम टांगलं की करणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही; बाकीचे बोलणार, त्याने ऐकायचं. सर म्हणायचे, तुम्ही जन्मभर प्रत्येक चित्राशेजारी उभं राहून खुलासे करणार आहात का? नियम चांगला होता. चांगले नियम नेमके अशाच वेळी आडवे येतात.

सकाळी कागद दारातल्या शिपायाकडे ठेवून तो सरांना शोधायला गेला, आणि ते न सापडता वर्गात पोचला तेव्हा शिपायाने कागद टांगूनही टाकला होता. वर्ग जमला होता.

"हे अर्धवट आहे," मागच्या बाकावरची म्हणाली. तिला खरं बोलायची खोड होती.

खोडरबरने आशेने तोंड उघडलं. सरांनी बोट वर केलं. तोंड मिटलं.

सर चित्रासमोर उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले. सर खूप वेळ उभे राहिले की वर्गाला काहीतरी सापडलंच पाहिजे असं वाटू लागतं. एक जण घसा खाकरून म्हणाला, "अर्धवट नाही वाटत. चेहरा मुद्दाम नाकारलाय." दुसरा म्हणाला, "ही बाई दिसत नाही, फक्त ऐकते." तिसरीने विचारलं, "बसली होती ती याची आई ना? काय काम करते ती?" कुणीतरी सांगितलं, वीज कंपनीत, तक्रारींच्या खिडकीवर. आणि मग सगळे एकदम बोलू लागले. तक्रारी ऐकणारी बाई! जिला कुणी बघत नाही! पुसलेले थर बघा, एकावर एक! खोडरबर उभा होता तिथेच उभा राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तोही नम्रपणा समजला गेला.

"ऐकणारी," सर शेवटी म्हणाले. "चित्राचं नाव. चालेल?"

तास संपल्यावर तो सरांच्या मागे व्हरांड्यात धावला. "सर, ते खरं तर... पुसलं गेलं."

"अर्थात पुसलं गेलं," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं तू पुसतोयस आणि आम्ही तुला रागावतोय. पुसणं हीच तुझी रेष आहे, हे मला आधी कळायला हवं होतं."

आता एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःची चूक कबूल केल्यावर आपली कुठे मध्ये घालायची? खोडरबर गप्प बसला. पहिले दोन दिवस त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, सर म्हणतात त्यात तथ्य असेलही. आठवड्याच्या शेवटी तो कँटीनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत होता की चेहरा काढणं सोपं असतं, न काढण्याला धैर्य लागतं. माणसाला आपल्या खोटेपणाची सवय व्हायला फार वेळ लागत नाही, फक्त कुणीतरी मान डोलावणारं लागतं.

घरी मात्र त्याने एवढंच सांगितलं की काम दिलं.

"आणि माझं चित्र?"

"प्रदर्शनानंतर मिळेल. तू प्रदर्शनाला नको येऊस, उगाच गर्दी असते."

"वा, असं कसं! माझं चित्र लागणार आणि मी जायचं नाही?" आई म्हणाली. तिने अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकली होती. सांगायचं असतं तर त्याला तेव्हाही सांगता आलं असतं. ती समोर बसून चष्मा पुसत होती, घरात तिसरं कुणी नव्हतं. तिला बघितल्यावर कळेलच, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि दाढी करायला गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले होते, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एक वयस्कर बाई. त्या प्रत्येक कामासमोर थांबत, काही टिपून घेत आणि पुढे सरकत. त्यांची सही होईपर्यंत भिंतीचा नियम लागू होता. त्या "ऐकणारी"समोर आल्या तेव्हाच दारातून आई आणि मावशी आत शिरल्या. दोघी ठेवणीतल्या कपड्यांत. आई एकेक चित्र बघत पुढे येत होती, आणि प्रत्येक चेहऱ्यासमोर क्षणभर थांबून, हा आपला नाही अशी खात्री करून घेत होती. झोपलेल्या आजोबांना बघून ती हसली. मग मुलगा दिसला, मुलामागचा कागद दिसला, आणि ती कागदाच्या मागे बघू लागली. चित्र तिथे असेल असं तिला वाटलं.

"अगं," मावशी म्हणाली, "हा तुझा कान."

"कशावरून?"

"लहानपणी मीच ओढायचे की. ही बघ, पाळ दुमडलेली." मावशीने कागदाभोवती नजर फिरवली. "पण बाकीची तू कुठेयस?"

सर लगबगीने पुढे आले. "याच त्या," ते परीक्षकांना म्हणाले, "याची आई. याच बसल्या होत्या."

परीक्षकबाईंनी चष्मा वर केला आणि आईकडे निरखून बघितलं. "बसताना तुम्हाला काय वाटायचं हो?" त्यांनी विचारलं, आणि खरंच मनापासून विचारलं.

आईला खिडकीवर प्रश्नाला उत्तर द्यायची सवय होती. काय विचारलंय ते नीट ऐकून, तेवढंच, खरं ते सांगायचं.

"तो काढायचा आणि पुसायचा," ती म्हणाली. "च्च करायचा. मला वाटायचं, मीच नीट बसत नाहीये. मी आरशात बघून बसायचा सराव पण केला. पण जमलं नाही मला." तिने कागदाकडे बघितलं. "कान तेवढा बरा असेल माझा. म्हणून तेवढा ठेवला त्यानं."

आईच्या आवाजात तक्रार नव्हती, चेष्टा तर नव्हतीच. पुढच्या माणसाला आपल्यामुळे त्रास झाला म्हणून ती जरा ओशाळली होती, इतकंच. खोडरबरच्या तोंडाशी शब्द आले. तुझं काही चुकलं नाही, मला येत नव्हतं. दोनच वाक्यं होती. त्याने सरांकडे बघितलं. सरांचं बोट वर नव्हतं. ते बघतही नव्हते. बोलला असता तर कुणी अडवलं नसतं. पण परीक्षकबाईंची सही अजून व्हायची होती, आणि त्या सहीच्या पलीकडे काकाचं दुकान उभं होतं. नियम म्हणजे नियम, असं त्याने स्वतःला सांगितलं. नियमाचा इतका मान त्याने त्याआधी कधी ठेवला नव्हता.

"यापेक्षा चांगलं या चित्रावर कुणी बोलू शकणार नाही," परीक्षकबाई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी आईचं वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं आणि सही केली.

खोडरबर पहिला आला. टाळ्या वाजल्या तेव्हा तो आईला शोधत होता, पण आई आणि मावशी निघून गेल्या होत्या. संध्याकाळी वडिलांनी मेडल हातात घेऊन वजन बघितलं, मागून-पुढून बघितलं, आणि म्हणाले, "चला, गाडी उशिरा का होईना, लागली फलाटाला." आईने त्याला जवळ घेतलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ती खरंच खूश होती. चित्राबद्दल तिने काही विचारलं नाही. ते कॉलेजने स्वतःकडेच ठेवून घेतलं होतं, दारातून आत गेल्यावर समोरच्याच भिंतीवर लावायला.

पंधरा दिवसांनी तो घरी आला तर आई स्टुलाशेजारी हातोडी घेऊन उभी होती.

"बरं झालं आलास. एवढा खिळा ठोक. माझा हात पुरत नाही."

पलंगावर कागदात गुंडाळलेली फ्रेम होती. त्याने कागद काढला. आईचा फोटो. प्रदर्शनातून निघाल्यावर दोघी बहिणी चौकातल्या फोटोच्या दुकानात शिरल्या होत्या. फोटो जितका वाईट असू शकतो तितका होता. समोरून पडलेला सपाट उजेड, मागे निळ्या ढगांचा पडदा, कडेला प्लास्टिकचं झाड. दुकानदाराने कॉम्प्युटरवर सुरकुत्या पुसल्या होत्या, हनुवटीजवळचा तीळ पुसला होता, वर गाल गुलाबी केले होते. फ्रेमला सोनेरी वेलबुट्टी. शिकलेल्या डोळ्याला त्यात एकही गोष्ट बरी सापडण्यासारखी नव्हती, आणि खोडरबरच्या डोळ्याने सवयीने सगळ्या चुका मोजल्या.

मग तो ओठांशी आला. ओठ होते. जे त्याला इतके रविवार सापडले नव्हते ते, डावीकडे जरासे वर गेलेले, आता कुठल्याही क्षणी काहीतरी बोलतील असे. भांडी पुसता पुसता "मी बसू का?" म्हणताना होते तसे असणार; तेव्हा ती पाठमोरी होती आणि त्याने बघितलं नव्हतं.

"छान आलाय," तो म्हणाला.

"मी आधीच सांगितलं त्याला, मला नीट बसता येत नाही म्हणून," आई म्हणाली. "तर तो म्हणाला, बाई, कोण म्हणतं असं? इतकं छान बसलंय कुणी? मला हसूच आलं. तेवढ्यात काढला मेल्यानं. सगळ्यांनाच म्हणत असेल म्हणा."

खोडरबर स्टुलावर चढला. खिळा भिंतीला लावला, पण हातोडी मारली नाही. त्याला रडू येत होतं आणि दोन्ही हात अडकलेले होते. भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, "आई, तू नीटच बसत होतीस. पहिल्या दिवसापासून. मला येत नव्हतं."

आईने पलंगावरची फ्रेम उचलली आणि हाताने काच पुसली.

"मग तेव्हाच सांगायचं ना रे," आई म्हणाली, आणि फ्रेम त्याच्याकडे वर करून धरली.